पिवळ्या पाटीमागचा माणूस

परवा औशाकडच्या आमच्या गावी गेलो होतो. आण्णा (माझे थोरले काका) सोयाबीनच्या रानात मोबाइल डोक्यावर धरून उभे.

"आण्णा, काय करायलाव?"

"पीक दाखवायलोय सरकारला. पर ह्येला रेंजच घावंना."

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक तलाठी लिहायचा. कधी रानात येऊन, कधी न येताच. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून अॅपमधून फोटो काढायचा. कल्पनेशी माझं भांडण नाही. आपल्या पिकाची नोंद आपणच करावी हे मला पटतं. रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये ठेवून नंतर पाठवता येते, तशी सोय आहे. पण हे आण्णांना कोणी सांगितलंच नव्हतं. पाच मिनिटांचं काम, आणि माणूस दोन दिवस रानात हात वर करून उभा!

मला एकदम आमच्या नांदेडच्या गल्लीतला बूथवाला आठवला.

ज्यांनी एसटीडी-पीसीओ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिवळी पाटी, काचेचा खोका, आत लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून साडेदहापासूनच रांग. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. आमच्या बूथवाल्याचा एक पाय पोलिओने गेलेला होता. ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदा आणि सी-डॉटच्या इंजिनिअरांनी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं. ते धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालायचं. खेडोपाडी फोन पोचला त्यात या डब्याचा वाटा मोठा. पण डबा लाइन जोडतो. पुढचं काम बूथवाल्याचं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे चारच्या सुमारास नांदेडलाही भांडी वाजली. सकाळी कळलं की किल्लारी गेली. मावशी त्याच भागातल्या गावात. आई बूथवर जाऊन बसली. सगळा महाराष्ट्र लातूरला फोन लावत होता, लागणार कसा? किल्लारी-सास्तूरकडची माणसं असलेल्यांना बूथवाल्याने पुढे घेतलं आणि दिवसभर आकडे फिरवत राहिला. फोन लागला नाही तर मीटर पळत नाही, म्हणजे त्या दिवसाची कमाई जवळजवळ शून्य. तिसऱ्या दिवशी लातूरच्या कुठल्यातरी बूथवरून निरोप आला. आमच्या घरी फोन नव्हताच. त्याने पोराला सायकलवर पिटाळलं. निरोप एवढाच होता: "मावशी आहे. घर नाही."

आई मटकन खाली बसली. त्या पोराला पाणी द्यायचंही कोणाला सुचलं नाही.

असो. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, मिस कॉल ही नवी भाषा जन्माला आली, आणि बूथमध्ये आधी झेरॉक्स, मग रिचार्ज, मग चिप्सची पाकिटं आली. लातूरला क्लाससाठी राहिलेली पोरं रुपयाचं नाणं टाकायच्या डब्यापुढे रांग लावायची, तेही थांबलं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. मला या कशाचाही शोक नाही. पाव दरासाठी अकरापर्यंत जागायला कोणाला आवडतं?

नायजेरियात २००१ मध्ये मोबाइल आले तेव्हा तिथे लँडलाइन फारच थोड्या होत्या. पण तिथेही रस्त्याच्या कडेला छत्रीखाली मोबाइल घेऊन माणसं बसू लागली, मिनिटाला इतके पैसे घेऊन फोन लावून देणारी. लागोसची छत्री आणि नांदेडची पिवळी पाटी, काम एकच. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक जाणता माणूस लागतोच, आणि दोन्हीकडच्या लोकांनी तो आपसूक उभा केला होता.

आपल्याकडे आज तो माणूस आहे का? कागदावर आहे. २०११ मध्ये 'संग्राम' नावाने ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढे त्याचं 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं. तिथे बसणारा संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून या लोकांनी कितीदा आंदोलनं केली. बूथवाल्याला निदान प्रत्येक कॉलमागे कमिशन होतं. टॉवर आणि फायबरवर कोट्यवधी घालायचे आणि खुर्चीवरच्या माणसाला मात्र ताटकळत ठेवायचं, हे मला कळत नाही. माझ्या मते गावात अजून एक टॉवर येण्याआधी परिचालकाला नियमित पगार आणि रानात जाऊन मदत करायचा भत्ता मिळाला पाहिजे. तंत्रज्ञानाचा खर्च म्हणूनच तो धरावा, उपकार म्हणून नव्हे. "पोरं शिकलीत की, ती करतील," असं कोणी म्हणेल. आण्णांचा नातू पुण्यात असतो.

मी फोटो काढून ठेवला. एसटी स्टँडजवळ रेंज आली तेव्हा माहिती पाठवली आणि आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "गेलं का? मग पावती कुठाय?"

नातेवाईक मंडळींपैकी ज्यांची शेती अजून वडीलधाऱ्यांच्या नावावर आहे, त्यांनी खरिपाची मुदत संपायच्या आत एक फोन करून विचारा. आणि फोटो लगेच पाठवावा लागत नाही, हेही सांगा.