शेवटी मास्तरच झाला!

"काय करणार, शेवटी मास्तरच झाला!" आपल्या घरांत हे वाक्य हळहळून बोलले जाते. संघात निवड झाली नाही, मोठी परीक्षा निघाली नाही आणि मुलगा शिकवायला लागला, की त्याची गणती हरलेल्यांत होते. असे बोलणाऱ्यांना मी अमेरिकेच्या वॉल्टर ऑल्स्टनची हकीकत सांगतो.

ऑल्स्टन ओहायोतला बेसबॉलपटू. सर्वोच्च लीगमध्ये तो एकच सामना खेळला: २७ सप्टेंबर १९३६, सेंट लुईस कार्डिनल्सकडून. एका सहकाऱ्याला पंचांनी बाहेर काढले, म्हणून याला उतरवले. फलंदाजी एकदाच मिळाली, त्यात बाद. क्षेत्ररक्षणात दोन चेंडू आले, त्यातला एक चुकला. मोठ्या मैदानावरची कारकीर्द तिथेच संपली.

पुढे तो छोट्या लीगमध्ये खेळला, तिथेच संघ सांभाळू लागला. हिवाळ्यात शाळेत शिकवायचा. १९४६ साली न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआच्या संघात रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम्ब हे कृष्णवर्णीय खेळाडू त्याच्या हाताखाली आले. कित्येक दशके गोऱ्यांच्या संघांची दारे त्यांच्या लोकांना बंद होती. एका सामन्यात पंचांनी ऑल्स्टनलाच बाहेर काढले, तेव्हा त्याने संघ कॅम्पानेलाच्या हाती दिला. गोऱ्या खेळाडूंनी काळ्या माणसाचा हुकूम ऐकायचा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९५४ च्या मोसमासाठी ब्रुकलिन डॉजर्सने त्याला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक केले. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर १९५९, १९६३ आणि १९६५ मध्ये आणखी तीन. तो २३ मोसम टिकला आणि दर वेळी करार एकाच वर्षाचा!

कंत्राटी शिक्षकांना वर्षावर्षाला टांगून ठेवणे बरोबर आहे, असा अर्थ यातून कुणी काढू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की खेळणे आणि खेळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याची कुवत ओळखणे, त्याच्यावर भरवसा टाकणे, हे स्वतःच्या धावांवरून मोजता येत नाही.

तेव्हा शाळेत नवे सर किंवा मॅडम आल्या, की त्यांना स्वतःला किती टक्के मिळाले होते ते विचारू नका. मागच्या बाकावरचे मूल वाचायला लागले का, ते विचारा.