कॉर्सेट, चोळी आणि सोनगीरचा शिंपी

गेल्या लग्नसराईत सोनगीरला भावाच्या मुलीचे लग्न होते. पैठणी ठरली, दागिने ठरले, केळवणांच्या तारखाही ठरल्या. अडले ते ब्लाउजपाशी. मुलीला पैठणीवर कॉर्सेट हवे होते. घरातील ज्येष्ठांना प्रथम तो पदार्थ काय हेच कळेना, आणि कळल्यावर ‘ही कसली थेरं’ असा एकमुखी निवाडा झाला. मुलगी माझ्याकडे वळली, ‘आत्या, तुम्ही तरी सांगा ना यांना!’ आणि मी नाइलाजाने या विषयात पडले.

मुलीने आधीच इंटरनेटवरून एक मागविले होते, दोन हजार चारशे रुपयांना. छायाचित्रात ते राजेशाही दिसत होते. प्रत्यक्षात आले ते साटीनच्या एकेरी कापडाचे, आत प्लास्टिकच्या पट्ट्या घातलेले. तासभर अंगात राहताच त्या पट्ट्या उबेने वाकल्या आणि एक तर शिवणीतून बाहेर येऊन बरगडीला टोचू लागली. मग धुळ्याच्या आग्रा रोडवर चार दुकाने पालथी घातली. सर्वत्र तोच माल आणि एकच उत्तर: ‘फ्री साइज आहे, ताई.’ जे वस्त्र अंगाशी तंतोतंत बसावे एवढ्याचसाठी जन्माला आले, ते फ्री साइज! एवढे एक वाक्य ऐकले असते तर व्हिक्टोरिया राणीच्या शिंपिणीने कपाळावर हात मारला असता.

एखाद्या वस्तूची टिंगल करण्यापूर्वी ती चांगली कशी असते हे जाणून घ्यावे, असे मला वाटते. चांगले कॉर्सेट ही शिवणकामातील अवघड चीज आहे. आतला थर घट्ट विणीच्या, न ताणणाऱ्या सुती कापडाचा. कमरेच्या रेषेवर आतून शिवलेली मजबूत फीत, कारण सारा ताण तिच्यावर येतो. पाठीवर दोरी ओवण्याच्या भोकांशी सरळ पोलादी पट्ट्या आणि अंगाच्या वळणावर गुंडाळीच्या तारेच्या लवचिक पट्ट्या. भोकांना दोन तुकड्यांची धातूची कडी असते, नाहीतर दोरी कापड फाडते. पट्ट्यांची टोके झाकलेली असतात. हे सारे मापाबरहुकूम. युरोपात शतकानुशतके या पट्ट्या देवमाशाच्या तोंडातील लवचिक पात्यांपासून करीत. त्यासाठी समुद्रातून किती देवमासे उपसले गेले, ते पाप वेगळेच.

हे वस्त्र तेथेही निर्विवाद नव्हते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. अतिघट्ट आवळण्याविरुद्ध एकोणिसाव्या शतकात तेथील डॉक्टरांनी लेखण्या झिजविल्या. (त्यातील काही गोष्टी अतिरंजित होत्या. कंबर बारीक दिसावी म्हणून बायका बरगड्या काढून टाकीत, या कथेला इतिहासकार आज दंतकथाच मानतात.) लंडनमध्ये 1881 साली वेशसुधारणेसाठी स्त्रियांनीच एक संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, पोलाद वाचावे म्हणून अमेरिकी स्त्रियांना कॉर्सेट विकत न घेण्याचे आवाहन झाले, आणि त्यानंतर ते हळूहळू रोजच्या वापरातून गेले. म्हणजे ज्यांनी ते निर्माण केले त्यांनीच ते उतरवून ठेवले, आणि शंभर वर्षांनी आपण ते लग्नमंडपात चढवितो आहोत.

येथे मला आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली ही मराठी मुलगी अमेरिकेत वैद्यकी शिकावयास गेली. भोवतीच्या साऱ्या स्त्रिया कॉर्सेटमध्ये आवळलेल्या. थंडी असह्य, त्यात नऊवारी नेसण्याची रीत तेथे अडचणीची. आनंदीबाईंनी काय केले? साडी टाकली नाही, नेसण्याची पद्धत बदलली. गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. 1885 साली काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींशेजारी त्या साडीत बसल्या आहेत. त्यांनी आंधळेपणाने घेतले नाही आणि आंधळेपणाने नाकारलेही नाही. वेशाचा निर्णय त्यांनी स्वतःची प्रकृती आणि स्वतःचा मान, दोन्ही पाहून केला. लग्नघरातील आमच्या ज्येष्ठांनी त्या मुलीला निर्णयाचा हा अधिकार द्यावा, एवढेच माझे म्हणणे होते.

बरे, अंगाबरोबर बसणारे वस्त्र आपल्याला नवे थोडेच आहे? ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे शब्द अमरकोशात आहेत. आपल्या आजींची खणाची चोळी पुढे गाठ मारून घट्ट बसे. तिला ना हूक, ना बटण, ना पट्टी. बाई गरोदर राहिली, पुढे बाळाला पाजू लागली, तरी तीच चोळी गाठ सैल करून चाले. शरीराला वस्त्राच्या मापात कोंबायचे की वस्त्राने शरीराचे ऐकायचे, यात दोन संस्कृतींचा फरक दिसतो, असे मी म्हणेन. पण हे त्या मुलीला आम्ही कधी सांगितलेच नव्हते. तिने चोळी पाहिली ती शाळेच्या स्नेहसंमेलनात, भाड्याने आणलेली. ज्या घरात खणाचे कापड ओटीपुरते उरले, त्या घराने पोरीला थेरं म्हणावे हे मला पटत नाही.

1905 साली पुण्यात सावरकरांनी परदेशी कपड्यांची होळी केली, तेव्हा त्या ज्वाळांमागे देशी मालाची मागणी उभी करण्याचा विचार होता. आज होळीने काही साधणार नाही. त्या साटीनच्या कॉर्सेटवर ते कोठे बनले याचा पत्ताही नव्हता. आमच्या खानदेशचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि असल्या रूपात परत येतो, की न येतो, देव जाणे. सोनगीर हे तर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तांबटांचे ठोके या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. स्टील आणि प्लास्टिक आले तेव्हा आपण मध्यमवर्गीयांनीच ते हंडे मोडीत घातले, आणि आता आरोग्यासाठी म्हणून तांब्याची बाटली शहरातून विकत घेतो. शिंप्याचे तेच होऊ घातले आहे.

शेवटी मुलीला घेऊन मी गावातल्याच शिंप्याकडे गेले. साठीच्या घरातले गृहस्थ; कटोरी ब्लाउजसाठी आसपासच्या गावांतून बायका त्यांच्याकडे येतात. मोडके कॉर्सेट त्यांनी उलटे करून, शिवण उसवून पाहिले. पोलादी पट्ट्या येथे मिळणार नाहीत, असे सरळ सांगितले. मग म्हणाले, पट्टीऐवजी सुताची जाड दोरी शिवणीच्या नळ्यांत ओळीने भरून पाहू. (जुन्या युरोपातही अशी दोरी भरलेली वस्त्रे होती, हे मला नंतर कळले; त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.) आत मांजरपाटाचे दुहेरी अस्तर, वर पैठणीच्या काठाला जुळणारे खणाचे कापड. पाठीवरच्या भोकांसाठी पितळी कड्या त्यांनी ताडपत्री शिवणाऱ्याकडून आणल्या. माप तीन वेळा घेतले, आणि प्रत्येक वेळी मुलीला खाली बसून, हात वर करून, खोल श्वास घ्यावयास लावले. ‘जेवता आलं पाहिजे, लग्न आहे,’ असे ते म्हणाले.

वस्त्र उत्तम झाले. सप्तपदीला, पंगतीला, पाठवणीच्या रडण्यालाही ते कोठे टोचले नाही. शिंप्याने आठशे रुपये सांगितले. त्यावर माझे बंधू, ज्यांनी मंडपाच्या फुलांवर चाळीस हजार घातले होते, सहाशेवर घासाघीस करू लागले. मी त्यांच्या हातून पाकीट घेतले आणि हजार मोजले. त्यानंतर गावातल्या आणखी तीन मुलींनी तसेच वस्त्र शिवून घेतल्याचे कळले. शिंप्याने आता दर बाराशे केला आहे, आणि कोणी कितीही नातेवाईक निघाला तरी तो उतरवू नये, असे मी त्यांना फोनवर बजावले आहे.