दुधाचे वावडे: रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे



'बाळाला दूध सोसत नाही' हे एकच वाक्य आपल्या घरांत अगदी वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. दूध प्यायल्यावर पोट फुगते, जुलाब होतात, ते मोठ्या माणसांत बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्यामुळे. भारतीय वंशाच्या लोकांत हे सर्रास आढळते. त्याचा त्रास होतो, पण ते जिवावर बेतत नाही. दुधाचे खरे वावडे, म्हणजे ॲलर्जी, असते ती दुधातल्या प्रथिनांची. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच दुधाला शत्रू समजते आणि क्वचित एखाद्या घोटानेही प्राण कंठाशी येतात.

शंका आली की आपण तडक रक्ततपासणीची मागणी करतो आणि रिपोर्ट हातात पडला की प्रश्न मिटला असे धरून चालतो. माझे म्हणणे असे की तो कागद म्हणजे निदान नव्हे, आणि पत्रिका-अंगारे नाकारणाऱ्या आपण मंडळींनी आकडे छापलेल्या कागदापुढेही तितक्याच चिकित्सकपणे उभे राहायला हवे.

आधी चाचणी नेमके काय मोजते ते पाहू. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयजीई या प्रतिपिंडाचा शोध लागला. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी तो स्वतंत्रपणे लावला. आजची रक्तचाचणी त्यावरच उभी आहे. दुधाच्या विरोधातले आयजीई रक्तात किती आहे, एवढेच ती मोजते. त्वचेला टोचून करायची स्किन प्रिक टेस्ट तेच दुसऱ्या वाटेने पाहते. शरीराने दुधाची दखल घेतली आहे, इतकेच दोन्ही सांगतात. दूध पोटात गेल्यावर काय होईल, हे त्या सांगत नाहीत. आयजीई असूनही मजेत दूध पिणारी मुले पुष्कळ असतात.

प्रति लिटर ०.३५ किलोयुनिटच्या वर आकडा गेला की रिपोर्टवर बहुधा 'पॉझिटिव्ह' छापून येते. प्रत्यक्षात, डॉ. ह्यू सॅम्पसन यांच्या २००१ सालच्या अभ्यासात वावड्याची ९५ टक्के खात्री देणारा आकडा १५ किलोयुनिट निघाला. अगदी लहान बाळांसाठी तो ५च्या आसपास धरतात. मधल्या पट्ट्यात आकडा एकटा काहीच ठरवत नाही. शिवाय आकडा मोठा म्हणजे त्रास भयंकर असेही नाही. तो शक्यता दाखवतो, तीव्रता नव्हे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. काही बाळांना दुधानंतर काही तासांनी उलट्या होतात किंवा शीमध्ये रक्त दिसते. हे वावडे आयजीईच्या वाटेने येतच नाही. तिथे रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ असू शकतो आणि बाळाचा त्रास तरीही खरा असतो. त्याचे निदान एकाच मार्गाने होते: डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करायचे आणि मग पुन्हा देऊन पाहायचे. यातली दुसरी पायरीच बहुतेक वेळा गाळली जाते. दूध बंद केल्यावर बाळ सुधारले, पण ते वाढत्या वयाने सुधारले की दूध थांबल्याने, हे पुन्हा दिल्याशिवाय कसे कळणार? झटपट उठणाऱ्या, आयजीईच्या वावड्यातही शेवटचा शब्द प्रत्यक्ष दूध पाजून पाहण्याचाच असतो. अर्थात ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थेंबाथेंबाने. घरी हा प्रयोग कुणीही करू नये.

चुकीच्या निदानाची किंमत मोजतात ती मूल आणि आई. अंगावर पाजणाऱ्या आईचे दही, ताक, पनीर बंद होते. शाकाहारी घरात दूध हाच बी-१२चा मुख्य आधार, आणि ब्रिटनमध्ये तर आयोडीनचाही, कारण इथले मीठ सहसा आयोडीनयुक्त नसते. वर घरातली वडीलधारी मंडळी मायेने शेळीचे किंवा म्हशीचे दूध सुचवतात. त्यांची प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती आहेत की वावडे खरे असेल तर तिथेही धोका तोच.

या गोंधळावर बाजार पोसला जातो. बोटातल्या रक्ताचा थेंब टपालाने पाठवा आणि शंभर पदार्थांची यादी मिळवा, अशा जाहिराती आपण पाहतोच. त्यातल्या बऱ्याच चाचण्या आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ आपण खाल्ल्याची खूण. नाइस या संस्थेने २०११च्या मार्गदर्शिकेत मुलांच्या अन्न-वावड्यासाठी आयजीजी, केसांची तपासणी आणि वेगा टेस्ट वापरू नका असे स्पष्ट बजावले आहे. दुसरे टोक पाहा. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१८ साली दाखवून दिले की वावड्यासाठीच्या खास दुधाच्या भुकट्यांची प्रिस्क्रिप्शने २००६ साली १,०५,०२९ होती, ती २०१६ मध्ये सहा लाखांवर गेली. खर्च ८१ लाख पौंडांवरून सहा कोटींच्या पुढे गेला. थोडी वाढ जागरूकतेमुळे असेलही. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२,००० युरोपीय बालकांच्या पाहणीत प्रत्यक्ष पाजून सिद्ध झालेले वावडे जेमतेम अर्धा टक्का निघाले होते.

मग करायचे काय? डॉक्टरांपुढे रिपोर्टच्या आधी नोंदी ठेवा: काय दिले, किती दिले, किती वेळाने काय झाले. तक्रार नसताना 'सगळ्याच पदार्थांची' तपासणी मागू नका. दूध बंद करायला सांगितले तर पुन्हा केव्हा आणि कुठे देऊन पाहायचे, हे त्याच भेटीत विचारा. बहुतेक मुलांचे हे वावडे वयाबरोबर जाते, म्हणून ही विचारणा दर वर्षी करा.

आणखी एक गोष्ट आपण नागरिक म्हणून करायची आहे. ॲलर्जी तज्ज्ञांसाठीची रांग लांब आहे, म्हणूनच लोक टपालाच्या किटकडे वळतात. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने २००७ सालीच प्रादेशिक ॲलर्जी केंद्रांची शिफारस केली होती. ज्याला परवडते तो खाजगीत जातो, बाकीचे घाबरून दूध तोडतात. खरी चाचणी सर्वांना मिळावी, हा आग्रह आपल्या खासदाराकडे धरणे हेही विवेकवादाचेच काम आहे.