‘वय झालं’ हे काही आजाराचं नाव नव्हे

गेल्या वर्षी आषाढात माझी अशी अवस्था झाली होती की सकाळी पलंगावरून उठायलाच दहा मिनिटं लागायची. आधी कुशीवर वळायचं, मग कठड्याला धरून बसायचं... दोन्ही खांदे आणि मांड्या रात्रीतून कुणी आवळून बांधल्यासारख्या. हात वर जाईना, म्हणून वेणी सून घालून द्यायची. ३५ वर्षं फळ्यावर अगदी वरच्या ओळीपासून लिहिणारा हात तो! दुपारी अंग जरा मोकळं व्हायचं, पण थकवा हटत नसे. भाजी निवडता निवडता डोळे मिटायचे.

सगळ्यांचं निदान एकच, “वय झालं.” हे म्हणाले, मुलगा फोनवर म्हणाला, नेहमीचे डॉक्टरही म्हणाले. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते. शेजारच्या वहिनींनी कुठल्याशा पुड्या आणून दिल्या. “दोन दिवसांत गुण येतो बघा!” पुडीवर ना नाव, ना गाव. मी त्या डब्यात ठेवून दिल्या. शहाणपणाने नव्हे हं, औषधांचा कंटाळा आला होता म्हणून.

शेवटी सुनेने हट्टाने संधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी बारीक चौकशी केली. आखडलेपण किती वेळ टिकतं? दोन्ही बाजूंना आहे का? कानशील दुखतं? घास चावताना जबडा दुखतो? नजरेत काही फरक? रक्तातला ईएसआर खूप वाढलेला निघाला. इतर तपासण्या झाल्या आणि नाव मिळालं, पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. पन्नाशीनंतर होणारा, बायकांत जास्त दिसणारा आजार. औषध प्रेडनिसोलोन, रोज १५ मिलिग्रॅम. म्हणजे स्टेरॉइड! मी घाबरलेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना लक्षात आलं, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा मी स्वतःच काढला होता. तशीच ओट्याला टेकून रडले. दुखणं गेलं म्हणून तर खरंच, पण इतके महिने हे सगळं आपल्या नशिबाचं समजून बसले होते, म्हणूनही.

आता मुद्द्याचं. गुण आला की आपण औषधाला देव मानतो, नाहीतर स्टेरॉइड म्हटलं की राक्षस. दोन्ही चूक. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली या संशोधनाला नोबेलही मिळालं. पण पुढे मोठ्या मात्रेचे दुष्परिणाम दिसले. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून तर माझी मात्रा हळूहळू कमी होते आहे, सोबत कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व आहे, साखर तपासली जाते. आणि ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं मंदावलेलं असतं.

त्या पुड्यांबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सांधेदुखीच्या अशा निनावी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेलं सापडतं. म्हणजे गुण तिनेही आला असता! पण किती मात्रा, कुणाला ठाऊक? साखर कोण बघणार? आणि पुड्या संपल्या की एकदम बंद. म्हणून मला वाटतं, “गुण आला ना, मग झालं” हे पुरेसं नाही. कशाने आला, किती घेतलं, पुढे काय, हे कळलंच पाहिजे.

आणखी एक सल आहे. शेवटच्या बाकावर रोज डुलक्या घेणाऱ्या एका मुलाला मी वर्षभर ‘आळशी’ म्हटलं. वही तपासली, पण तो कधी जेवतो, कधी झोपतो, हे एकदाही विचारलं नाही. ‘आळशी’ काय आणि ‘वय झालं’ काय, दोन्ही शब्द चौकशी टाळण्यासाठीच असतात.

असो. तुमच्या घरातलं कुणी सकाळी तासभर आखडून राहत असेल, तर “या वयात व्हायचंच” म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. आणि कानशील दुखणं, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं यातलं काही असेल, तर त्याच दिवशी. डोळ्यांचा प्रश्न असतो.

आज वेणी मीच घातली आहे. जरा वाकडी आली, पण माझी मी घातली!