समृद्धीवरची बस, शेगावची केसगळती: बुलढाण्याची 'आपत्ती' सरकारी अहवालात कुठं सापडते?

१ जुलै २०२३. रात्रीचे साधारण दीड वाजलेले. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. बस नेमकी दरवाजाच्या बाजूवर पडली होती. काही प्रवासी काचा फोडून बाहेर आले. ३३ पैकी ८ जण वाचले, २५ जणांचा जळून मृत्यू झाला. ओळख पटवणंही अवघड होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

आता प्रश्न असा, की ही 'आपत्ती' होती का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ ची व्याख्या वाचली तर उत्तर 'हो' असं येतं. निसर्गामुळे, माणसामुळे, अपघाताने किंवा हलगर्जीपणाने घडलेली, मोठी जीवितहानी करणारी आणि तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची घटना म्हणजे आपत्ती. मध्यरात्री पेटलेली बस कुठल्या गावाच्या आवाक्यात असते?

पण पैसे या व्याख्येवर मिळत नाहीत, ते यादीवर मिळतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे एसडीआरएफ, यासाठी केंद्राने १२ आपत्ती ठरवल्या आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला आणि थंडीची लाट. त्यात आग आहे, पण रस्ते अपघात नाही. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून २ लाख जाहीर झाले. मदत मिळाली हे खरंच, पण ती वेगळ्या खिशातून. आणि ज्या खिशातून पैसा जातो, त्याच वहीत नोंद होते.

हे मृत्यू मोजले जात नाहीत असं नाही. रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. त्यातून किती अपघात झाले, किती माणसं गेली ते कळतं. त्या रात्री अग्निशमनची सर्वात जवळची गाडी कुठं होती आणि बस कापायची यंत्रं कुठल्या तालुक्यात होती, ते मात्र कळत नाही. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. आपल्याकडे नुकसानीचा पंचनामा होतो, तयारीचा होत नाही.

पैशाची वाटणीही तशीच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडले: बचाव आणि मदतीला ४० टक्के, पुनर्बांधणीला ३०, आपत्ती टाळण्याच्या कामांना २० आणि तयारी व प्रशिक्षणाला १० टक्के.

मग तयारीचा हिशोब द्यायचा कुणी? कायद्याने ते सांगून ठेवलंय. कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा हवा आणि तो दरवर्षी सुधारायला हवा. कलम ७० नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल संसदेत आणि राज्याचा विधिमंडळात ठेवायला हवा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे निवडून आलेला माणूस. बुलढाणा जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. त्यामुळे समृद्धीच्या अपघातावेळी या टेबलावर लोकांनी निवडलेला सहअध्यक्ष नव्हता. पुढच्या घटनेवेळीही नव्हता.

ती घटना जानेवारी २०२५ मधली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक पुंजक्याने गळायला लागले. हातात केस धरून दाखवणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याचं समोर आलं. आधी पाण्यातल्या नायट्रेटवर संशय गेला, मग आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. त्यांच्या तपासणीत बाधितांच्या रक्तात ते ३५ पट जास्त आढळलं.

साथींवर नजर ठेवायला देशात २००४ पासून वेगळी यंत्रणा आहे. गावापासून दिल्लीपर्यंत आकडे जातात, पण ते प्रामुख्याने ताप, जुलाब, कावीळ असल्या ठरलेल्या लक्षणांचे. टक्कल पडणं त्या रकान्यात कुठं बसवणार? तिकडे गव्हाचं पोतं पुरवठा विभागाचं, पाण्याचा नमुना दुसऱ्याच विभागाचा आणि रुग्ण आरोग्य खात्याचा. जिल्ह्याच्या एकाच आराखड्यात हे सगळे धागे जोडलेले असावेत, हीच तर कायद्याची अपेक्षा होती.

कागदांबाबत ही टाळाटाळ खालूनच सुरू होते असंही नाही. कॅगने २०१३ मध्ये देशाच्या आपत्ती तयारीचं ऑडिट संसदेत ठेवलं, तेव्हा कायदा येऊन सात वर्षं उलटली होती आणि राष्ट्रीय आराखडा तयार नव्हता. उत्तराखंडच्या राज्य प्राधिकरणाची तोवर एकही बैठक झालेली नाही, असंही त्यात होतं. पुढच्या दोनच महिन्यांत केदारनाथ घडलं. राष्ट्रीय आराखडा आला तो १ जून २०१६ ला, सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात दुष्काळाच्या खटल्यात कान उपटल्यानंतर.

आता २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे. केंद्राने आणि प्रत्येक राज्याने आपत्तींचा डेटाबेस तयार करायचा आहे. कुठं काय घडलं, किती निधी दिला, किती खर्च झाला, तयारीची योजना काय आणि धोके कुठले, हे सगळं त्यात हवं. सामान्य माणसाला तो किती उघडून बघता येईल, यावर बरंच अवलंबून आहे. तोवर आपल्या जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर शोधा आणि त्यावरचं साल बघा. आत दिलेल्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांची एव्हाना बदली झाली तेही बघा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. बुलढाण्याच्या वाचकांनी आणखी एक पान शोधावं, समृद्धी महामार्गाचं. जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर रात्री दीडला गाडी पेटली तर कोण, कुठून आणि किती मिनिटांत पोहोचणार, ते तिथं लिहिलेलं असायला हवं.