छाननी कोणी करायची?

युरोपीय संघाने १२ जुलै २०२३ रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासंबंधी जो कायदा केला, त्याची गरज होती याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. गुन्हा ल्योनमध्ये घडतो, फिर्यादी आणि आरोपी दोघेही तेथलेच असतात. पण त्यांचा पत्रव्यवहार मात्र आयर्लंडमधील एखाद्या कंपनीच्या ताब्यात असतो. अशा वेळी एका देशाच्या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांना विनंती करावयाची, ही जुनी रीत. संघातल्या संघात या सोपस्काराला १२० दिवसांची मुदत, आणि परस्पर-साहाय्याच्या करारांखाली सरासरी दहा महिने. तोवर पुरावा शिल्लक राहिला, तर ते तपासी अंमलदाराचे नशीब!

अमेरिकेनेही हा तिढा अनुभवला आहे. डब्लिनमधील संगणकावर साठविलेली पत्रे हजर करण्याचा न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा डिसेंबर २०१३ मधील हुकूम मायक्रोसॉफ्टने मानला नाही. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच मार्च २०१८ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलून टाकला.

युरोपच्या नव्या कायद्याने मधला टप्पा पुष्कळसा गाळला आहे. एका सदस्य देशातील न्यायाधीशाचा आदेश दुसऱ्या देशातील कंपनीच्या प्रतिनिधीकडे थेट जातो. माहिती दहा दिवसांत, आणि कोणाच्या जिवावर बेतले असल्यास आठ तासांत द्यावी लागते. अंमलाची तारीख १८ ऑगस्ट २०२६ ही ठरविण्यात आली.

येथे कंपनीच्या हिशेबाचा विचार केला पाहिजे. आदेश डावलला तर जगभरातील वार्षिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट, आदेश सद्‌बुद्धीने पाळताना ग्राहकाचे नुकसान झाले, तर केवळ त्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही. एका पारड्यात जबर दंड आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशा तराजूचा काटा कोठे झुकेल हे सांगावयास अर्थशास्त्र शिकण्याची जरुरी नाही. पुण्यातील एखादी लहानशी कंपनी युरोपात माहिती साठविण्याची सेवा देत असेल, तर तिलाही तेथे प्रतिनिधी नेमणे भाग आहे. वकिलांचा ताफा पदरी नसलेली ही कंपनी परक्या न्यायाधीशाशी वाद घालीत बसेल, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

तेव्हा छाननी सरकारी यंत्रणेनेच करावयास हवी. पत्रांचा मजकूर मागताना कंपनी ज्या देशात आहे त्या देशाला सूचना द्यावी आणि त्याने वृत्तपत्रस्वातंत्र्यादी कारणांवरून नकार देऊ शकावे, अशी तरतूद कायद्यात आहेही. पण गुन्हा आदेश देणाऱ्या देशातलाच असेल आणि संबंधित व्यक्तीही तेथेच राहत असेल, तर सूचनेची गरज नाही! आणि तसे आहे की नाही हे प्रथम ठरविणार कोण, तर आदेश काढणारेच.

हा अपवाद निरुपद्रवी वाटतो. तथापि हंगेरीत कायद्याच्या राज्याला धोका असल्याचे सांगून युरोपीय संसदेनेच सप्टेंबर २०१८ मध्ये त्या देशाविरुद्ध कारवाई सुरू करविली होती. अशा देशातील पत्रकारावर तेथेच खटला भरला गेला आणि त्याची पत्रे डब्लिनमधून मागविली गेली, तर आयरिश अधिकाऱ्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. बाहेरच्या न्यायबुद्धीची ज्याला सर्वाधिक गरज, नेमका तोच तिला मुकतो. ज्या देशांविरुद्ध अशी कारवाई प्रलंबित आहे, त्यांच्यापुरता तरी हा अपवाद रद्द करून सूचना सक्तीची करावी. त्यासाठी आणखी दहा दिवस गेले तरी चालतील.