सत्कार पुरे झाले, आता केळुसकर व्हा!

दरवर्षी एमबीबीएसच्या प्रवेशाची यादी लागली की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांत फ्लेक्स चढतात. मुलीचा फोटो, वर बाबासाहेब आणि सावित्रीमाई, खाली पंधरा-वीस ‘शुभेच्छुक’. मग विहारात गुणगौरव सोहळा होतो. शाल, पुष्पगुच्छ, ट्रॉफी, आणि भाषणं. मुलगी लाजत दोन वाक्यं बोलते, आई पदराने डोळे पुसते, टाळ्या पडतात. असे सोहळे आम्हीही भरवले आहेत. फ्लेक्सवर आमचीही नावं झळकली आहेत. म्हणून पहिला प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपण कुठे असतो?

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, त्यात इंटर्नशिप धरून. पुढे एमडी किंवा एमएसची तीन. या साडेआठ वर्षांत चळवळ त्या मुलीला एकदा फ्लेक्सवर भेटते, आणि काही विपरीत घडलंच तर दुसऱ्यांदा मेणबत्ती मोर्चात. मधला सगळा काळ ती एकटी असते. हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे.

वॉर्डच्या आत तिचं कोण होतं?

22 मे 2019. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली लेक. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. ऑगस्ट 2019 मध्ये त्यांना जामीन मिळाला. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्याच महाविद्यालयात शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. 2025 सालीसुद्धा आणखी कोणाला आरोपी करायचं यावर न्यायालयात युक्तिवाद चालू होते.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. पण एका प्रश्नाला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. पायलचे पती स्वतः डॉक्टर होते. आई कर्करोगाच्या उपचारासाठी त्याच रुग्णालयात जात होती. लेकीला होणारा त्रास आपण विभागाच्या कानावर घातला होता, असं आई सांगते. म्हणजे घर पाठीशी होतं. पण वॉर्डच्या आत, लेबर रूममध्ये, रात्री तीन वाजता, तिच्या बाजूने एक शब्द बोलेल असं वरच्या पायरीवर कोण होतं?

ही गोष्ट बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून सांगतो. एमडी-एमएस हे पुस्तकी शिक्षण नाही. ती उमेदवारी आहे. पहिल्या वर्षाची ज्युनिअर, वर सेकंड इयर, वर थर्ड इयर, वर लेक्चरर, वर युनिट हेड. ज्युनिअरने किती सिझेरियन नुसते उभं राहून पाहायचे, किती असिस्ट करायचे आणि चाकू तिच्या हातात कधी द्यायचा, हे वरचा ठरवतो. ड्यूटी कोणी लावायची, जेवायला कोणाला सोडायचं, थिसिसवर सही कधी करायची, हेही वरचाच ठरवतो. इथे जात शिव्या देत येईलच असं नाही. ती ‘तू जा, फॉर्म भर, केस ती करेल’ एवढ्या साध्या वाक्यात येते. ‘तुमचा रँक किती होता?’ या हसत विचारलेल्या प्रश्नात येते. तीन वर्षं टेबलापासून लांब ठेवलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते आणि मग तेच लोक म्हणतात, बघा, कोट्यातल्यांना हात नसतो!

एम्समधल्या भेदभावावर प्रा. सुखदेव थोरात समितीने 2007 साली अहवाल दिला. शिक्षक पुरेसा वेळ देत नाहीत, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत अन्याय होतो, वसतिगृहातही वेगळं पाडलं जातं, हे तेव्हाच नोंदलं गेलं. पायल त्यानंतर बारा वर्षांनी गेली. माहिती नव्हती, असं कोणी म्हणू नये.

त्यांना मार्गदर्शक जन्माने मिळतो

‘मेंटॉरशिप’ हा शब्द आपल्या पोरांना परका वाटतो. प्रस्थापितांच्या घरात तो शब्द लागतच नाही, कारण ती गोष्ट जेवणाच्या टेबलावरच असते. काकांचं नर्सिंग होम असतं, मावशी भूलतज्ज्ञ असते, वडिलांचे मित्र परीक्षक असतात. कोणती शाखा घ्यावी, कोणत्या युनिटपासून लांब राहावं, थिसिसचा विषय कसा निवडावा, सगळं घरबसल्या कळतं. हे जाळं जातीतून आणि नात्यातून विणलेलं आहे. त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही. त्याला ‘संस्कार’ म्हणतात, ‘मेरिट’ म्हणतात!

आपली मुलगी घरातली पहिली डॉक्टर. बाप रिक्षा चालवतो किंवा महापालिकेत सफाई कामगार. तिने फोन करून सांगितलं की ‘पप्पा, मला ओटीत घेत नाहीत’, तर त्या बापाने कोणाला फोन करायचा? तो एवढंच म्हणतो, ‘बाळा, सहन कर, तीन वर्षं निघून जातील.’ त्या बापाचा दोष नाही. दोष आपला आहे, कारण त्याला फोन करायला आपण नंबर दिलेला नाही.

एकटीने कोणीच डॉक्टर झालेली नाही

कल्याणकरांना अभिमान आहे, आणि रास्त आहे, की डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी कल्याणात झाला. पण त्यांची गोष्ट ‘जिद्दीने एकटी लढली’ अशी सांगितली जाते. ती अर्धीच गोष्ट आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांच्याबद्दल एका मासिकात वाचलं, पत्र धाडलं, आणि पुढे आनंदीबाईंना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडले पाठीशी होत्या. मार्च 1886 च्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. जिद्द आनंदीबाईंची होतीच. पण तिला घर, गुरू आणि मैत्रीण मिळाली होती.

डॉ. रखमाबाईंचं पाहा. सुतार समाजातल्या या बाईने बालविवाह झुगारला, खटला लढवला, तुरुंगात जाईन पण त्या घरी जाणार नाही असं ठणकावलं. त्यांना लंडनला जाऊन डॉक्टर होण्यासाठी बळ दिलं कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी. या पीची कोण? एडिनबरा विद्यापीठात 1869 साली शिरलेल्या पहिल्या सात मुलींपैकी एक. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली. 1870 मध्ये परीक्षेला जाताना या मुलींवर जमावाने चिखल फेकला. त्यांच्यातल्याच सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढे 1874 साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि त्याच शाळेत रखमाबाई शिकल्या. अंगावर चिखल झेललेल्या बायांनी मागून येणाऱ्यांसाठी दार बांधलं, आणि त्या दारातून आपल्या मुंबईची एक मुलगी आत गेली. याला म्हणतात मेंटॉरशिप.

आता दुसरी बाजूही बघू. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्याच्या एकतीस वर्षं आधी, 1855 साली, सावित्रीमाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी ‘ज्ञानोदय’मध्ये लिहीत होती की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात. मुक्ताला कोणी फिलाडेल्फियाला नेलं नाही. आनंदीबाईंशी आमचं भांडण नाही, त्याही एकविसाव्या वर्षी गेल्या, दवाखाना काही चालवता आला नाही. पण ज्या गावांत पिढ्यानपिढ्या मांग-महार बायांनी सुईणपण केलं, सगळ्या गावाची नाळ कापली, आणि तेवढ्याचसाठी विटाळ म्हणून बाहेर उभ्या राहिल्या, त्यांची नात आज प्रसूतिशास्त्राची पदवी घ्यायला आली तर तिला ‘तुला जमणार आहे का?’ असं कोण विचारतं? आणि कोणत्या तोंडाने?

कागदावर सगळं आहे

कायदे कमी नाहीत. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. 1999 चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे समता नियम आहेत, 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी कायदा आहे. वैद्यकीय आयोगाचे 2021 चे रॅगिंगविरोधी नियम आहेत. आयोगाच्याच कृतिदलाने 2024 मध्ये निवासी डॉक्टरला आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त राबवू नये अशी शिफारस केली. पण तक्रार ज्याच्याकडे जाते आणि थिसिसवर ज्याची सही लागते, ते एकाच विभागात बसतात. तिथे एकटी मुलगी अर्ज घेऊन जाईल कशी?

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या भीषण घटनेनंतर देशभर डॉक्टर रस्त्यावर आले. सुरक्षा रक्षक आणि सीसीटीव्हीची मागणी झाली. ती योग्यच होती. ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या, बीड जिल्ह्यातून आलेल्या तरुण डॉक्टर मुलीने जीव दिला. आपल्यावर दबाव येतो, अशी तक्रार तिने काही महिने आधीच लेखी केली होती. कागद होता, कागदामागे उभं राहणारं माणूस नव्हतं. सीसीटीव्ही बाहेरचा माणूस टिपेल. युनिटच्या खोलीत रोज होणारा अपमान कोणता कॅमेरा टिपणार?

आणि बाळंतपणाची रजा? रोज बाळंतपणं करणाऱ्या निवासी डॉक्टरला स्वतःच्या रजेचा अर्ज देताना अपराधी वाटावं, अशी हवा अनेक ठिकाणी असते. 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार बाईच्या प्रसूतिरजेची बाजू बाबासाहेबांनी घेतली होती. शंभर वर्षं होत आली, आणि डॉक्टर बाईला ती मागायची भीती वाटते!

आपल्या घरातलाही केर काढू

काही जण म्हणतील, हा तर जातीचा गट झाला. साथींनो, गट आधीपासून आहेत, फक्त त्यांना नाव नाही. काही म्हणतील, डॉक्टरने कणखर व्हावं. कणखर ती आहेच, नाहीतर झोपडपट्टीतून तिथवर पोचली नसती. छळ सहन करणं हा काही अभ्यासक्रम नाही.

पण आपलंही चुकतं. आपले कित्येक ज्येष्ठ डॉक्टर आडनाव झाकून, वस्ती सोडून निघून गेले. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली, ती फक्त कारकुनांसाठी नव्हती. शिवाय मुलींना आधार देण्याच्या नावाखाली आपल्या बैठकांतही माइक पुरुषांच्याच हातात असतो. मुलीचे नंबर ग्रुपवर फिरतात, आणि ‘मार्गदर्शन’ रात्री अकराला सुरू होतं. हे चालणार नाही. या कामाचं नेतृत्व आपल्या डॉक्टर भगिनींकडेच असलं पाहिजे. आपण सतरंज्या उचलू.

काय करायचं?

आमचं म्हणणं सोपं आहे. ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला 1992 पासून आहे. त्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जिल्हाभरातून रुग्ण येतात. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे एका दिवसात 18 रुग्ण दगावल्याची बातमी देशाने वाचली. अशा ताणाखाली तरुण डॉक्टर शिकतात. तेव्हा सुरुवात आपल्या दारातूनच करू.

एक, प्रत्येक सत्कारासोबत एक ज्येष्ठ डॉक्टर भगिनी त्या मुलीशी जोडली गेली पाहिजे. सत्काराच्या मंचावर नव्हे, तिच्या हॉस्टेलवर. पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला फोन, पुढे महिन्यातून एकदा भेट.

दोन, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, इथल्या आणि खाजगी दवाखान्यांतल्या आपल्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ भगिनींनी महिन्यातून एक रविवार विहारात बसावं. थिसिस, सुपरस्पेशालिटी, नोकरीचे करार, यावर तिथे बोलणं व्हावं.

तीन, प्रत्येक मुलीला तक्रार लिहायला शिकवू. तारीखवार नोंदवही, लेखी अर्ज, आवक क्रमांकाची पोच, आणि अर्ज देताना सोबत दोन माणसं. आपले वकील यात वेळ देतील का, हे त्यांनी आजच सांगावं.

चार, सरकारी आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांना माहिती अधिकारात विचारू: समान संधी कक्ष आहे का? भेदभावविरोधी अधिकारी कोण? पाच वर्षांत तक्रारी किती आल्या, काय निर्णय झाले? उत्तर ‘निरंक’ आलं तर त्याचा अर्थ भेदभाव नाही असा नसतो. तक्रार करायची हिंमत होऊ दिली नाही, असाही असतो.

शेवटी सत्काराचीच एक गोष्ट. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाही त्यांचा सत्कार झाला होता. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तिथेच ते थांबले असते तर तो आणखी एक सत्कार ठरला असता. पण पुढे पैशाअभावी शिक्षण अडलं, तेव्हा गुरुजी त्या पोराला घेऊन सयाजीराव महाराजांपुढे उभे राहिले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. हार घालणारे त्या दिवशी पुष्कळ असतील. इतिहासाला केळुसकर आठवतात.

या वर्षीही यादी लागेल. फ्लेक्स छापायला देण्याआधी त्या मुलीला एक फोन करा, आणि पुढची साडेआठ वर्षं तो बंद ठेवू नका.

जय भीम!